कोर्सवर्कमधून मिळालेली संशोधन कौशल्यं आरएसीपुढे कशी मांडायची?

वाचनवेध
मुंबईत शिक्षणशास्त्रात पीएच.डी. करते आहे. कोर्सवर्क संपलं: संशोधन पद्धती, संशोधन आणि प्रकाशन नीती, संख्याशास्त्र व संगणक, आणि विषयाचा एक पेपर. पुढच्या आरएसी (संशोधन सल्लागार समिती) बैठकीत १५ मिनिटांचं सादरीकरण आहे. त्याआधी १,५०० शब्दांचं टिपण द्यायचंय, ‘कोर्सवर्कमधून आत्मसात केलेली संशोधन कौशल्ये’ या विषयावर.

माझा विषय महापालिकेच्या मराठी माध्यमाच्या शाळांतल्या सातवीच्या मुलांचं वाचन-आकलन. चाचणी आहे, शिवाय पालक आणि शिक्षकांच्या मुलाखती.

पहिल्या मसुद्यात पेपरनिहाय एकेक परिच्छेद लिहिला. “या घटकातून नमुना निवडीचे सखोल ज्ञान मिळाले” या धाटणीचा. मॅडमनी समासात सात ठिकाणी एकच शब्द लिहून परत दिलाय: “कशावरून?” हे ‘कशावरून’ कसं दाखवायचं? किती कौशल्यं घ्यायची? जे अजून येत नाही ते लिहावं का, की समिती तेच धरून बसेल? आणि समानता अहवाल (माझा मजकूर इतर लेखनाशी किती जुळतो ते सॉफ्टवेअरनं सांगितलेलं) ६ टक्के आलाय, तो कौशल्याचा पुरावा म्हणून जोडता येईल का?

तळटीप
मॅडमनी बरोबर जागी बोट ठेवलंय. ‘सखोल ज्ञान मिळाले’ हे समितीला तपासता येत नाही. ‘आधी असं ठरवलं होतं, आता असं ठरवलंय, कारण हे’ हे तपासता येतं. म्हणून टिपण पेपरांच्या क्रमानं न लिहिता निर्णयांच्या क्रमानं लिहा. कोर्सवर्कमध्ये काय असतं हे समितीला ठाऊक असतं. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या नियमांनुसार ते किमान १२ श्रेयांकांचं (क्रेडिटचं), त्यात ५५ टक्के हवेत, आणि तुम्ही ते पार केलंत हे गुणपत्रिका सांगतेच. गुणपत्रिकेत दिसत नाही ते टिपणात यायला हवं.

लिहायला बसण्याआधी कागद गोळा करा. प्रवेशाच्या वेळी दिलेला संशोधन आराखडा, शेऱ्यांसकट परत आलेले स्वाध्याय, प्रश्नावलीची पहिली आणि आजची प्रत, सेमिनारनंतर लोकांनी विचारलेले प्रश्न, आणि वाचलेल्या लेखांची नोंद कुठे केली असेल ती वही किंवा झोटेरो या संदर्भ साठवायच्या सॉफ्टवेअरमधली फाइल. जुनी आणि नवी प्रत शेजारी ठेवून फरकांवर खुणा करा. बहुतेकांना १५-२० फरक सापडतात. त्यातले बरेचसे भाषेचे असतात, ते सोडा. ज्या फरकांमुळे तुमचं संशोधनच वेगळं झालं, असे चार निवडा. १,५०० शब्दांत चारच मावतात. सात-आठ घेतले की प्रत्येकाला दोन वाक्यं मिळतात आणि पुन्हा समासात ‘कशावरून’ येतं.

तुमच्याच विषयाचा नमुना घेऊ. समजा प्रवेशाच्या वेळचं शीर्षक होतं ‘मुंबईतील मराठी माध्यमाच्या विद्यार्थ्यांच्या वाचन समस्यांचा अभ्यास’. यात शाळा कुठल्या ते नाही: महापालिकेच्या, अनुदानित की विनाअनुदानित. वाचन म्हणजे ओघ, उच्चार की आकलन ते नाही. ‘समस्यांचा अभ्यास’मध्ये मोजता येईल असं एकही चल (मुलामुलागणिक बदलणारी गोष्ट) नाही. आता हे बघा: ‘बृहन्मुंबई महापालिकेच्या मराठी माध्यमाच्या शाळांतील सातवीच्या विद्यार्थ्यांची घरची भाषा आणि माहितीपर उताऱ्याचे आकलन यांतील संबंध’. लांब झालं खरं, पण कुणाला, काय आणि कशाशी जोडून मोजणार हे तिन्ही त्यात आहे. टिपणात ही दोन शीर्षकं एकाखाली एक द्या आणि मधली पायरी सांगा: कुठल्या लेखामुळे, कुठल्या प्रश्नामुळे बदललं.

पुढे आणखी एक पाऊल जा, कारण खरं कौशल्य तिथे दिसतं. ‘घरची भाषा’ ही एका चौकटीत खूण करून कळणारी गोष्ट आहे का? मानखुर्द-गोवंडीकडच्या किंवा धारावीतल्या घरात आई-वडील आपसांत एका भाषेत बोलतात, मुलाशी दुसऱ्या, मूल भावंडांशी तिसऱ्या, आणि मोबाइलवर हिंदी चालू असतं. ‘तुमची मातृभाषा कोणती?’ असं विचारलं की शाळेच्या दाखल्यावर जे असेल ते लिहून येतं. म्हणून एका प्रश्नाचे चार प्रश्न करावे लागतात: आई-वडील मुलाशी, मूल आई-वडिलांशी, मूल भावंडांशी, आणि ऐकण्या-बघण्याची भाषा. प्रत्येकाला ‘फक्त मराठी’पासून ‘मराठी अजिबात नाही’पर्यंत पायऱ्या. हा बदल तुम्ही केला असेल तर त्याला पूर्ण परिच्छेद द्या. संकल्पनेचं मोजमापात रूपांतर करणं ‘मला जमतं’ असं न म्हणता ते करून दाखवलेलं असतं.

पूर्वसंशोधनाच्या आढाव्याबद्दल ‘८० लेख वाचले’ हा आकडा काही सांगत नाही. शोधाची नोंदवही दाखवा: तारीख, कुठे शोधलं, नेमके कुठले शब्द टाकले, किती सापडले, किती ठेवले, बाकीचे का टाकले. सहा रकान्यांचा तक्ता पुरतो. त्यातल्या दोन ओळी टिपणात उतरवल्या तरी समितीला तुमचा हात दिसतो. मात्र प्रिझ्माची (पद्धतशीर आढावा कसा मांडायचा याच्या मार्गदर्शक यादीची) आकृती काढली म्हणून ‘पद्धतशीर आढावा घेतला’ असं लिहू नका. प्रिझ्मा २०२० च्या यादीत २७ मुद्दे आहेत आणि आकृती ही त्यातल्या एका भागापुरती. दोन जणांनी स्वतंत्रपणे लेख निवडले नसतील तर तुमचा आढावा बहुधा कथनात्मक आहे. तसंच लिहा, त्यात कमीपणा नाही.

वाचनवेध
शीर्षकाचं तुम्ही म्हणता तसंच झालंय, जवळजवळ त्याच शब्दांत. नमुना निवडीवर लिहायचं ठरवते आहे, कारण संख्याशास्त्राचा पेपर चांगला गेला. विद्यार्थी ३८४ घेतलेत, तक्त्यावरून. एसपीएसएस हे संख्याशास्त्राचं सॉफ्टवेअरही शिकले.

आकडेमोड
३८४ वर थांबा. हा आकडा मुंबई-पुण्याच्या निम्म्या आराखड्यांत दिसतो आणि बहुतेक ठिकाणी तो चुकीच्या जागी असतो.

तो येतो असा: १.९६ चा वर्ग × ०.५ × ०.५ ÷ ०.०५ चा वर्ग = ३८४.१६. खरं तर वर पूर्ण करून ३८५. तो एका ठरावीक प्रश्नाचं उत्तर आहे: मोठ्या लोकसंख्येतलं एखादं प्रमाण, ९५ टक्के विश्वासपातळीला, ५ टक्क्यांच्या चूक-मर्यादेत सांगायचं असेल आणि नमुना साधा यादृच्छिक असेल तर किती माणसं हवीत. तुमचा प्रश्न प्रमाणाचा नाही, संबंधाचा आहे. आणि तुमची मुलं साधा यादृच्छिक नमुना नाहीत, ती शाळाशाळांतून येणार. म्हणजे सूत्राच्या दोन्ही अटी मोडल्या.

संबंधासाठी हिशेब वेगळा. ५ टक्के सार्थकता पातळी (नसलेला संबंध ‘आहे’ म्हणण्याची जोखीम), ८० टक्के शक्ती (असलेला संबंध सापडण्याची शक्यता), दुहेरी कसोटी (संबंध धन किंवा ऋण कुठलाही चालेल). सहसंबंध ०.३ असण्याची अपेक्षा असेल तर सुमारे ८५ मुलं पुरतात. ०.२ असेल तर सुमारे १९४. जी-पॉवर या नमुन्याचा आकार काढायच्या सॉफ्टवेअरमध्ये एखाददुसऱ्याचा फरक येईल, कारण त्याची रीत थोडी निराळी. अपेक्षित आकडा पूर्वीच्या अभ्यासांतून घ्यायचा आणि कुठल्या ते लिहायचं.

आता शाळांचा भाग. एका वर्गातली मुलं एकमेकांसारखी असतात: तेच शिक्षक, तीच वस्ती. म्हणून ३० मुलांची माहिती ही ३० स्वतंत्र मुलांइतकी नसते. त्याची दुरुस्ती म्हणजे आराखडा परिणाम: १ + (एका शाळेतली मुलं − १) × अंतर्वर्गीय सहसंबंध (एका शाळेतली मुलं एकमेकांसारखी किती, ते सांगणारा आकडा). शाळेमागे ३० मुलं आणि हा आकडा ०.१ धरला तर १ + २९ × ०.१ = ३.९. म्हणजे तुमची ३८४ मुलं प्रत्यक्षात ९८ स्वतंत्र मुलांइतकीच माहिती देतात. उलट बाजूनं, १९४ ला ३.९ नं गुणलं की ७५७ मुलं, म्हणजे २६ शाळा. हा ढोबळ अंदाज आहे, पण आरएसीपुढे उभं राहायला पुरेसा. यातून दिसतं की एका शाळेतली मुलं वाढवून फार काही मिळत नाही, शाळा वाढवाव्या लागतात. जागेवर काम करणाऱ्याला हे नकोसं वाटतं, कारण प्रत्येक नवी शाळा म्हणजे नवं पत्र, मुख्याध्यापकांची नवी भेट आणि लोकलचा नवा प्रवास.

‘एसपीएसएस शिकले’ हे कौशल्य म्हणून लिहू नका. ते साधन आहे, आणि तेच काम जामोवीत किंवा आरमध्ये फुकट होतं. लिहायचं ते हे की कुठली कसोटी का निवडली आणि तिच्या अटी कशा तपासल्या.

तुमच्या चाचणीबद्दल दोन गोष्टी समिती हमखास विचारेल. एक, विश्वसनीयता, म्हणजे चाचणीचे प्रश्न एकमेकांशी सुसंगत आहेत का. ती सांगणारे आकडे दोन: बरोबर-चूक असे गुण असतील तर केआर-२० काढा, पायऱ्यांच्या प्रश्नांना क्रॉनबॅक अल्फा. ०.७ आला की सगळे खूश होतात, पण प्रश्न वाढवले की अल्फा आपोआप वाढतो, म्हणून ४० प्रश्नांचा ०.७ आणि ८ प्रश्नांचा ०.७ सारखे नाहीत. उपविभागांचा वेगवेगळा काढा. अल्फा फारच कमी किंवा ऋण आला तर बहुतेक वेळा उलट मांडणीचे प्रश्न उलटवायचे राहिलेले असतात.

दोन, वैधता, म्हणजे जे मोजायचंय तेच चाचणी मोजते का. तुमचा प्रश्न उतारा वाचल्याशिवाय सोडवता येतो का? हे तपासायची साधी रीत अशी: पायलटमधल्या (मुख्य चाचणीआधीच्या छोट्या चाचपणीतल्या) काही मुलांना उतारा न देता फक्त प्रश्न द्या. चार पर्यायांत नुसत्या अंदाजानं २५ टक्के बरोबर येतात. एखाद्या प्रश्नाला बहुतेक मुलं उताऱ्याशिवायच बरोबर उत्तर देत असतील, तर तो प्रश्न सामान्यज्ञान मोजतोय. ‘मुंबईत पावसाळा कोणत्या महिन्यात सुरू होतो?’ हा तसला. तो काढा, आणि का काढला ते टिपणात लिहा. उरलेल्या प्रश्नांची काठिण्यपातळी (बरोबर उत्तर देणाऱ्या मुलांचं प्रमाण) साधारण ०.३ ते ०.७ च्या मध्ये हवी. सगळ्यांनाच येणारा किंवा कुणालाच न येणारा प्रश्न मुलांमुलांतला फरक दाखवत नाही.

फाइलींचंही एक वाक्य टाका, लोक ते विसरतात. मूळ नोंदी असलेली फाइल कधीही बदलायची नाही, दुरुस्त्या प्रतीत. प्रत्येक रकान्याचा अर्थ सांगणारा संकेतकोश. उत्तर नसलेल्या जागी ९९ लिहिलं असेल तर ते ‘उत्तर नाही’ आहे हे सॉफ्टवेअरला सांगायचं, नाहीतर बारा वर्षांच्या मुलांचं सरासरी वय चौदा निघतं.

दुसरी वाचणी
वरच्या दोघांचं पटतंय, पण सगळं आकड्यांकडे झुकलंय. वाचनवेध, तुमच्या आराखड्यात मुलाखती आहेत, आणि कोर्सवर्कमधून सगळ्यात जास्त बदल बहुधा तिथे झालेला असतो.

प्रश्नावलीच्या मराठीपासून सुरुवात करा. इंग्रजीतली मोजपट्टी भाषांतरित केली असेल तर एकानं मराठीत आणायची, मूळ न पाहिलेल्या दुसऱ्यानं परत इंग्रजीत न्यायची, आणि दोन्ही इंग्रजी प्रती ताडून पाहायच्या. एवढ्यानं शब्द जुळतात, मुलांना कळतं की नाही ते कळत नाही. त्यासाठी पाच-सहा मुलांना एकेक प्रश्न मोठ्यानं वाचायला सांगून ‘तुला काय विचारलंय असं वाटतं?’ एवढंच विचारा. ‘बहुतेक वेळा’ आणि ‘बऱ्याचदा’ यांतला फरक सातवीतल्या मुलाला जाणवत नाही. ‘तटस्थ’ हा शब्द तर कित्येकांनी ऐकलेलाही नसतो. पाच पायऱ्यांच्या चार किंवा तीन केल्यात, तर तो निर्णय आणि त्यामागची मुलांची उत्तरं हा भक्कम पुरावा आहे.

मुलाखती लिहून काढण्याबद्दल: तासाभराच्या ध्वनिमुद्रणाला पाच-सहा तास धरा. पालक मराठीत सुरू करून मध्येच हिंदीत गेले तर ते तसंच उतरवा. शुद्ध मराठी करून लिहिलं की ते कुठे अडखळले आणि कुठे भाषा बदलली हे पुसलं जातं. तुमच्या विषयात तर तेच माहितीचं सोनं आहे.

कोडिंग (मुलाखतींतल्या भागांना आशयानुसार नावं देणं) दोघांनी केलं असेल तर नुसती सहमतीची टक्केवारी देऊ नका. समजा मुलाखतींतले १०० उतारे आहेत. ‘शाळेच्या भाषेची लाज’ हा कोड ५ उताऱ्यांना दोघांनी दिला, ७५ ना दोघांनीही नाही, १० ना फक्त पहिल्यानं आणि १० ना फक्त दुसऱ्यानं. सहमती ८० टक्के, ऐकायला छान. पण दोघंही तो कोड शंभरातल्या १५ उताऱ्यांनाच देतात, त्यामुळे निव्वळ योगायोगानंच ७४.५ टक्के सहमती झाली असती. योगायोग वगळून उरलेली सहमती सांगणारा आकडा म्हणजे कप्पा = (०.८०० − ०.७४५) ÷ (१ − ०.७४५) = ०.२२. म्हणजे कोडची व्याख्या दोघांच्या डोक्यात वेगळी आहे. अशा वेळी आकडा लपवायचा नसतो. मतभेदाचे वीस उतारे समोर घेऊन बसायचं आणि व्याख्या पुन्हा लिहायची: काय धरायचं, काय नाही, सीमेवरचं एक उदाहरण. व्याख्येची जुनी आणि नवी प्रत टिपणात द्या.

संमतीचं विसरू नका. सातवीतली मुलं बारा-तेरा वर्षांची. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांत ७ ते १२ वयाला मुलाचा स्वतःचा तोंडी होकार आणि १२ ते १८ ला लेखी होकार सांगितलाय, शिवाय पालकांची संमती. ती तत्त्वं वैद्यकीय आणि आरोग्य संशोधनासाठी आहेत, पण तुमचा वयोगट नेमका रेषेवर असल्यानं सगळ्यांकडून लेखी होकार घेणं सोपं आणि सुरक्षित. शाळेची परवानगी ही संमती नव्हे. मुख्याध्यापकांनी वर्ग दिला म्हणून मूल बांधलं जात नाही. ‘नको असेल तर थांबू शकतोस, गुणांवर परिणाम नाही’ हे वर्गशिक्षक बाहेर असताना सांगावं लागतं. महापालिकेच्या शिक्षण विभागाच्या लेखी परवानगीचा वेळही आराखड्यात धरा. शाळा जूनच्या मध्यावर उघडतात, मग गणपती, सहामाही, दिवाळीची सुट्टी. चाचणीसाठी मोकळे आठवडे वाटतात त्याहून कमी असतात, आणि हे वेळापत्रकात दाखवलंत तर नियोजनाचं कौशल्य वेगळं सांगावं लागत नाही.

संदर्भ कक्ष
समानता अहवालाचं उत्तर राहिलंय. जोडू नका. निदान कौशल्याचा पुरावा म्हणून नको.

आयोगाच्या २०१८ च्या नियमावलीत १० टक्क्यांपर्यंत दंड नाही. १० ते ४० मध्ये सहा महिन्यांच्या आत सुधारित प्रबंध द्यायचा, ४० ते ६० मध्ये वर्षभर सुधारित प्रबंध देता येत नाही, आणि ६० च्या वर नोंदणी रद्द. संदर्भसूची, अवतरणचिन्हांतला श्रेय दिलेला मजकूर, आणि सलग १४ शब्दांपर्यंतचं योगायोगाचं साम्य वगळलं जातं. म्हणजे ६ टक्के ही एका दंडाच्या पायरीखालची नोंद आहे, प्रामाणिकपणाचं प्रमाणपत्र नाही.

मराठीत लिहिणाऱ्यांसाठी तर हे फार महत्त्वाचं आहे. इंग्रजी लेखातला परिच्छेद मराठीत आणला आणि संदर्भ दिला नाही, तर सॉफ्टवेअर शून्य टक्केही दाखवेल. ते चौर्यच आहे. टिपणात लिहायचं असेल तर हे लिहा: वाचताना नोंदी कशा ठेवता. लेखकाचे शब्द अवतरणात आणि पृष्ठांकासह, लेखकाची कल्पना आपल्या शब्दांत पण पृष्ठांकासहच, आणि आपलं मत निराळ्या खुणेनं. या तीन गोष्टी एकाच वहीत खुणेशिवाय मिसळल्या की सहा महिन्यांनी कुठलं वाक्य कुणाचं हे तुम्हालाच सांगता येत नाही. नकळत होणारं बरंचसं चौर्य इथे जन्मतं. अशा नोंदीच्या एका पानाची छायाप्रत अहवालापेक्षा जास्त बोलते.

नियतकालिकांबद्दलही. ‘केअर यादीवरून (आयोगाच्या मान्य नियतकालिकांच्या यादीवरून) दर्जेदार नियतकालिक ओळखायला शिकले’ असं वाक्य मसुद्यात असेल तर बदला. आयोगानं ती यादी २०२५ च्या फेब्रुवारीत बंद केली. आता ओळख स्वतःच पटवायची: स्कोपस या संशोधन लेखांच्या सूचीत असल्याचा दावा असेल तर नियतकालिकाच्या पानावर विश्वास न ठेवता स्कोपसच्या स्वतःच्या यादीत आयएसएसएन (नियतकालिकाचा ओळख क्रमांक) टाकून पाहायचं, संपादक मंडळातली नावं त्या त्या विद्यापीठाच्या पानावर सापडतात का बघायचं, आणि जुने दोन-तीन लेख वाचायचे. नावाची आणि आयएसएसएनची नक्कल केलेली संकेतस्थळंही असतात, म्हणून पत्ता ताडून पाहायचा.

शोधाबद्दल थोडं. शोधगंगा या भारतीय प्रबंधांच्या ऑनलाइन संग्रहात मराठी प्रबंधांची शीर्षकं कुठे देवनागरीत, कुठे रोमन लिपीत, कुठे इंग्रजी भाषांतरात नोंदलेली असतात. ‘वाचन आकलन’ एवढंच टाकलं तर बरेच निसटतात. ‘आकलनात्मक वाचन’, ‘वाचन कौशल्य’, ‘भाषा अध्ययन’ आणि त्यांची रोमन रूपं वेगवेगळी टाकून पाहा आणि वहीत तशीच नोंदवा. ऑनलाइन न आलेल्या जुन्या प्रबंधांसाठी कलिन्याचं जवाहरलाल नेहरू ग्रंथालय, जुन्या मराठी नियतकालिकांसाठी दादरला मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयाचा संदर्भ विभाग. तिथे बसल्याबसल्याच वर्ष, अंक आणि पृष्ठ लिहून घ्या. फोटोत पानाचा आकडा कापला गेला की पुन्हा फेरी.

वाचनवेध
नमुना निवडीचा परिच्छेद पुन्हा लिहिला. बघाल का?

“प्रवेशाच्या वेळी ३८४ विद्यार्थ्यांचा नमुना प्रस्तावित केला होता. हा आकडा साध्या यादृच्छिक नमुन्यातील प्रमाणाच्या अंदाजासाठी आहे. माझा प्रश्न दोन चलांतील संबंधाचा असून विद्यार्थी शाळांच्या गटांत आहेत. म्हणून आता २६ शाळा, प्रत्येकी ३० विद्यार्थी असा आराखडा केला आहे. अंतर्वर्गीय सहसंबंध ०.१ गृहीत धरला असून पायलटनंतर तो पुन्हा तपासला जाईल. बहुस्तरीय विश्लेषण मला अद्याप येत नाही.”

आकडेमोड
पहिल्या मसुद्यापेक्षा कितीतरी चांगला. दोन ठिकाणी मात्र अडकाल.

‘पायलटनंतर तपासला जाईल’ हे जमणार नाही. पायलट दोन-तीन शाळांत होईल, आणि दोन-तीन शाळांवरून शाळांमधला फरक अंदाजता येत नाही. येणारा आकडा कुठेही जाईल. त्याऐवजी तीन शक्यता मांडा. अंतर्वर्गीय सहसंबंध ०.०५ असेल तर आराखडा परिणाम २.४५, मुलं ४७६, शाळा १६. ०.१ असेल तर ३.९, मुलं ७५७, शाळा २६. ०.२ असेल तर ६.८, मुलं १,३२०, शाळा ४४. मग २६ का निवडल्या ते सांगा: पूर्वीच्या कुठल्या अभ्यासाचा आधार, आणि वेळ-प्रवासाची मर्यादा किती. मर्यादा सांगितलेली समितीला चालते, लपवलेली चालत नाही.

दुसरं गैरहजेरीचं. ३० पैकी ३ मुलं आली नाहीत म्हणून घाबरू नका. २७ धरलं तर आराखडा परिणाम ३.६ वर येतो, लागतात ६९९ आणि तुमच्याकडे ७०२. पण एक शाळा गळाली तर सगळं बिघडतं. म्हणून दोन-तीन राखीव शाळा सोडत काढतानाच काढून ठेवा, नंतर सोयीच्या निवडू नका.

तळटीप
शेवटच्या वाक्याबद्दल, कारण तुम्ही सुरुवातीला तेच विचारलं होतं. जे येत नाही ते जरूर लिहा, पण उघडं सोडू नका. ‘बहुस्तरीय विश्लेषण (मुलं आणि शाळा असे दोन्ही स्तर एकत्र धरणारं) मला अद्याप येत नाही’ इथे पूर्णविराम दिला की पुढचा प्रश्न समितीचा. ‘शाळांच्या गटांतील माहितीसाठी बहुस्तरीय विश्लेषण लागेल, ते कोर्सवर्कमध्ये नव्हते. माहिती संकलनाआधी, दुसऱ्या सत्रात, सरावाच्या माहितीवर आरमध्ये करून पुढील बैठकीत दाखवेन’ असं लिहिलं की तो तुमचा आराखडा होतो. नाहीतरी दर सत्राला आरएसीपुढे जायचंच आहे. अशा दोनच उणिवा घ्या, ज्या तुमच्या प्रबंधाला प्रत्यक्ष अडतात. ‘इंग्रजी लेखन सुधारायचे आहे’ असली सर्वसाधारण उणीव नको.

आणखी एक बारीक गोष्ट. ‘तपासला जाईल’, ‘प्रस्तावित केला होता’ हे कुणी? चिंतनाच्या टिपणात ‘मी’ लिहायला हरकत नाही. निर्णय तुमचे आहेत.

दुसरी वाचणी
सादरीकरणाचंही लगेच ठरवा. १५ मिनिटांत सात स्लाइड पुष्कळ होतात: एक शीर्षकाची जुनी-नवी जोडी, चार निर्णय, एक उणिवांचा आराखडा, एक वेळापत्रक. निर्णयाच्या प्रत्येक स्लाइडवर डाव्या बाजूला जुनं, उजव्या बाजूला नवं, खाली एका ओळीत कारण. नमुना निवडीला चार मिनिटं द्या, चर्चा तिथेच होणार. पारिभाषिक शब्द एकच धरा. ‘गृहीतक’ आणि ‘परिकल्पना’ आलटून पालटून वापरलेत तर दोन वेगळ्या गोष्टी वाटतात, आणि त्या आहेतही वेगळ्या: गृहीतक धरून चालायचं, परिकल्पना तपासायची.

जुन्या-नव्या प्रश्नावलीच्या आणि कोड व्याख्यांच्या प्रती परिशिष्टात लावा, समितीतल्या प्रत्येकाला एक संच. पायलटच्या उत्तरपत्रिका जोडणार असाल तर छायाप्रत काढण्याआधी मुलांची नावं, हजेरी क्रमांक आणि शाळेचा शिक्का झाकून घ्या. काळ्या शाईनं खोडलेलं नाव उजेडात धरलं की दिसतं, म्हणून वर कागद चिकटवून मग प्रत काढा.